तेवीस नंबरचा फोटो

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चोरून खात होता.

आमच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर थंड पेयांचं एक मशीन आहे. त्याच्या मागे, भिंत आणि खिडकीच्या सांदीत, एक उंच, उन्हानं रापलेला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि भाताचा गोळा गपागप गिळत होता. माझ्या बुटांचा आवाज ऐकून तो दचकला. वळला. एक गाल फुगलेला, मिशीला भाताचं एक शीत.

"सांगू नका हं!" तो म्हणाला.

"कोणाला?"

"आईला. ती बघा, ती... निळ्या गाउनमधली. सकाळी सातपासून ते खारट पाणी पितेय बिचारी, दोन लिटर. तिच्यादेखत खाल्लं तर मला होडीतून ढकलून देईल."

मी वाकून पाहिलं. कोलोनोस्कोपीच्या दिवशी आमच्या कॉरिडॉरमध्ये जत्राच असते. पोट साफ व्हावं म्हणून सगळे हातात पेला घेऊन फेऱ्या मारत असतात, मध्येच कोणीतरी गाउन सावरत संडासाकडे पळतं. त्यात एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई सगळ्यांना मागे टाकत चालत होती, शर्यत लागल्यासारखी.

त्या दिवशी माझी गाडी चुकली होती. बाहेर पावसाची भुरभुर, केस ओले, अंगात साधा लोकरी कोट, पोटात चहासुद्धा नाही. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, उरलेला गोळा मधोमध तोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

"घ्या. तुमचा चेहरा माझ्यापेक्षा भुकेला दिसतोय."

नको म्हणायला हवं होतं. मी घेतला. आत खारवलेलं आंबट आलुबुखार होतं, आणि खरं सांगते, इतका चांगला भाताचा गोळा मी त्याआधी खाल्ला नव्हता.

"तुमचं कोण आहे इथे?" त्यानं विचारलं.

"माझे आठ जण आहेत."

"आठ! सगळं घरच घेऊन आलात की काय?"

मला हसू आवरेना. तोही हसला, कशाला ते न कळता. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या नशिबी ती डॉक्टरीण आलीय. ओगाता. म्हणे फार तिखट आहे. गेल्या महिन्यात आमच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं तीळ खाल्ले, तर बाईनं त्याला तसाच परत पाठवला."

"अरे बापरे."

"आणि आईनं तर... तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

"तोंड भरलंय माझं."

"काल रात्री मेकाबू खाल्लं तिनं. चांगलं वाटीभर!"

मेकाबू म्हणजे समुद्री शेवाळाचा बुंध्याकडचा भाग. बुळबुळीत, चिकट, आतड्यात तारेसारखा लोंबणारा. तपासणीच्या तीन दिवस आधीपासून मनाई असते त्याला. माझा घास घशात अडकला.

"काय करणार?" तो म्हणाला. "आई समुद्रात बुड्या मारते. मोसमाची पहिली कापणी, आणि बुड्या मारणाऱ्या बायकांच्या झोपडीतली सगळ्यात थोरली बाई स्वतःच्या हातानं वाटी घेऊन दारात आली. पहिलं मेकाबू नाकारलं तर समुद्र वर्षभर रुसतो, असं मानतात आमच्याकडे. आई डॉक्टरला नाही भ्यायली, पण समुद्राला भ्यायली."

दोन तासांनी मी पांढरा कोट घालून तपासणीच्या खोलीबाहेर आले आणि नाव पुकारलं. "हामागुची तोमिए!"

आईच्या शेजारी बसलेला तो उठला, मला बघितलं आणि होता तसाच पुन्हा खाली बसला. कान लालेलाल.

"मी ओगाता," मी म्हटलं. "तिखट."

* * *

तोमिएमावशींना गुंगीचं इंजेक्शन नको होतं. "आत काय आहे ते मलाही बघायचंय," त्या म्हणाल्या आणि पडद्याकडे तोंड करून डाव्या कुशीवर पडल्या. एकसष्ट वर्षांची बाई, पण पोटाचे स्नायू असे की दुर्बीण पुढे सरकवताना मलाच घाम फुटला.

दुर्बिणीच्या मुठीवर एक बटण असतं. ते दाबलं की साधा पांढरा उजेड जातो आणि निळा-हिरवा उजेड येतो. त्या उजेडात आतड्यातल्या बारीक शिरा उठून दिसतात, पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आत वाढलेला कोंब, तपकिरी दिसतो, आणि चिकटून राहिलेली घाण दिसते तांबडी. उजव्या बाजूला, आतड्याच्या पार टोकाशी, मला असा एक तांबूस, बुळबुळीत पट्टा दिसला. मी मनात म्हटलं, हं, हे मेकाबू! पाण्याची एक पिचकारी मारली, फोटो घेतला आणि पुढे गेले. मनातल्या मनात हसलेसुद्धा. मला आतली बातमी होती ना!

परतताना डावीकडे चार मिलिमीटरचा एक पॉलिप सापडला. तो लगेच काढला. मावशींनी टाळी वाजवली. मी जरा फुशारलेच, खोटं कशाला बोलू.

बाहेर मी मुलाला सांगितलं, "एक होता, काढला. बाकी सगळं ठीक आहे."

"तुम्ही अर्धा गोळा खाल्लात आणि सांगितलं नाहीत," तो म्हणाला. त्याचं नाव शुनपेई. आई पाण्यात उतरते तेव्हा होडीत दोरी धरून बसायचं, हे त्याचं काम. वडील होते तोवर ते धरायचे, सहा वर्षांपासून हा.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"पुढच्या वेळी विचारीन."

"पुढची वेळ तीन वर्षांनी आहे, शुनपेई-सान."

"एवढी लांब?" असं म्हणून त्यानं जे पाहिलं माझ्याकडे... घरी जाताना गाडीत मी दोन स्टेशनं पुढे गेले.

* * *

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या विभागात आठवड्याचे सगळे फोटो पुन्हा पाहतात. ज्यानं तपासणी केली त्यानं पडद्याशेजारी उभं राहायचं, काय दिसलं ते मोठ्यानं सांगायचं, आणि बाकीच्यांनी त्याला धारेवर धरायचं. आमचे प्रमुख हिरोबे सर कधी आवाज चढवत नाहीत. म्हणून सगळे त्यांना जास्त घाबरतात.

माझे फोटो भराभर सरकत होते. "तेवीस नंबर... चिकटलेली घाण, रुग्णानं मेकाबू खाल्लं होतं." सगळे हसले. "चोवीस, पंचवीस, सव्वीस..."

मी थांबले.

"पुढे?" कोणीतरी म्हणालं.

तेवीस नंबरचा फोटो मावशी डाव्या कुशीवर असतानाचा. मग मी त्यांना पाठीवर वळवलं होतं आणि सव्वीस नंबरचा फोटो त्यानंतरचा, त्याच जागेचा. माणूस वळला की आतली घाण घरंगळते, खालच्या बाजूला जाते. हा पट्टा जिथे होता तिथेच होता, तसूभरही हललेला नव्हता. पाण्याची पिचकारी मारूनही नव्हता.

काही पॉलिप चपटे असतात, आतड्याच्याच रंगाचे, उंचवटा जवळजवळ नाहीच. त्यांच्या डोक्यावर शेंबडासारखा चिकट थर असतो. आणि निळ्या-हिरव्या उजेडात तो थर दिसतो तांबूस. हे मला पाठ होतं. परीक्षेत मी यावर दोन पानं लिहिली होती.

"सर," मी म्हटलं, "ही घाण नाही. मी पाहिलं आणि सोडून दिलं."

हिरोबे सरांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"असेलही, नसेलही," ते म्हणाले. "एक वर्षानं पुन्हा बोलाव. कागदावर काही चुकलेलं नाही. कोणी तुला बोल लावणार नाही."

"मला वर्षभर झोप लागणार नाही, सर."

त्यांनी पडदा बंद केला. "मग उद्या सकाळी फोन कर."

* * *

फोन शुनपेईनं उचलला. माझा आवाज ऐकून इतका खूश झाला की मला बोलताच येईना. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

फोनमध्ये वारा घुमत होता.

"म्हणजे मी मेकाबूचं सांगितलं म्हणून..." तो म्हणाला.

"नाही. मेकाबू तिच्या पोटात होतं, डोळे माझे होते. चूक माझी."

"पण मी मशीनमागे ती बडबड केली नसती तर—"

"शुनपेई-सान! कोणाची चूक हे आपण पुढच्या महिन्यात भांडून ठरवू. आधी आईंना परत आणा."

"नाही येणार ती," तो हळूच म्हणाला. "अठ्ठावीस तारखेला आवाबीचा मोसम उघडतोय."

आवाबी म्हणजे खडकाला चिकटून बसणारा मोठा शिंपला, या किनाऱ्यावरच्या बायकांचा सगळा मान त्याच्यावर. मी कॅलेंडर पाहिलं. लवकरात लवकर तपासणी पंधरा मार्चला होणार. पॉलिप मोठा निघाला तर काढल्यावर दोन आठवडे बुडी मारायची नाही, दम रोखून जोर लावला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. पंधरा आणि चौदा, एकोणतीस. मोसमाचा पहिला दिवस नेमका हुकणार होता.

"एकेचाळीस वर्षांत तिनं पहिला दिवस चुकवलेला नाही," शुनपेई म्हणाला. "मी जन्मलो त्या वर्षीसुद्धा नाही. तिला मी काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. मी येते."

"इथे? झोपडीत? अहो, पुरुषांना उंबऱ्याच्या आत घेत नाहीत तिथे, आणि परक्या बायकांना तर..."

"गाडी किती वाजता आहे?"

मी हट्टी आहे. आई लहानपणी म्हणायची, या पोरीला एकदा 'नाही' म्हणा आणि मग मजा बघा.

* * *

झोपडी समुद्राला लागूनच होती. आत मधोमध जाळ, भोवती सात-आठ बायका ओले केस सोडून बसलेल्या, धुराचा आणि भाजलेल्या मासळीचा वास. मी दारात उभी राहिले, शहरी बूट वाळूनं भरलेले. शुनपेई बाहेर होडीपाशी थांबला होता. गप्पा एकदम बंद झाल्या.

"अगंबाई! डॉक्टरीणबाई!" तोमिएमावशी म्हणाल्या. "विसरलात की काय आत काही?"

सगळ्या खो-खो हसल्या. मी हसले नाही. मी बूट उंबऱ्याबाहेर काढून आत गेले, चटईवर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"विसरले, मावशी," मी म्हटलं. "तुमच्या आतड्यात एक डाग आहे. मी तो पाहिला आणि घाण समजून पुढे निघून गेले. तुमची काही चूक नाही, माझी आहे. तुम्हाला ते खारट पाणी पुन्हा प्यावं लागेल आणि मोसमाचा पहिला दिवस चुकेल. मला ठाऊक आहे मी काय मागतेय. तरी मागतेय."

"आणि नाही आले तर?"

"तर उद्या परत येईन. परवाही येईन. रविवारी मला सुट्टी असते, दिवसभर बसेन."

कोपऱ्यातली थोरली बाई, ऐंशीच्या घरातली, जाळात लाकूड सारत पुटपुटली, "ही तोमिएपेक्षा वाईट आहे गं."

मावशी चिमट्यानं निखारे हलवत राहिल्या. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, "किती मोठा?"

"दीड-दोन सेंटिमीटर असेल. चपटा. चटकन दिसत नाही."

"आणि आत्ता कॅन्सर आहे तो?"

"बहुतेक नाही. पण सोडला तर होईल. कधी ते मला सांगता येत नाही."

"हं." त्या जरा थांबल्या. "ऐक, पोरी. आवाबी दिसतो, पण कधी कधी काढायला दम पुरत नाही. तेव्हा आम्ही काय करतो ठाऊक आहे? शिंपल्याचं एक चमकतं टरफल त्याच्या शेजारी उलटं ठेवून वर येतो. दम घेतो. पुन्हा जातो आणि त्याच खडकावर जातो. ज्या बाया लाजेपायी 'मला दिसलाच नाही' म्हणतात ना, त्यांच्याबरोबर मी पाण्यात उतरत नाही." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "तू सांगायला आलीस. बरं केलंस. पंधरा तारखेला येते. पण त्या पाण्याची चव बदला हो जरा, उलटी येते!"

मी बाहेर आले तेव्हा डोळ्यांत धूर गेला होता. म्हणजे... धूरही गेला होता. शुनपेईनं भिंतीशी येऊन फळ्यांमधून सगळं ऐकलं होतं. तो माझ्यापुढे बसला, माझे बूट उलटे करून वाळू झाडली आणि पुन्हा पुढे ठेवले.

"कपाळाला राख लागलीय," तो म्हणाला.

"राहू दे."

"राहू दे कसं? गाडीत लोक हसतील." आणि त्यानं अंगठ्यानं ती पुसली, इतकी हळू की मी श्वास घ्यायचं विसरले.

* * *

या वेळी मी कसलीही जोखीम घेणार नव्हते. शुनपेईला हुकूम सोडला, आईच्या पोटात काय जातंय ते मला रोज तीन वेळा कळवायचं. तो इमानेइतबारे कळवायचा.

"सकाळ: मऊ पांढरा भात, अंड्याचा बलक. आईचं म्हणणं, अशानं ती भूत होईल."

"दुपार: उदोनच्या जाड शेवया, वर काहीही नाही. आईनं तुमचं नाव घेतलं. कसं ते लिहीत नाही."

"संध्याकाळ: तोफू. थोरली आजी वाटी घेऊन आली होती. मी दार अडवून उभा राहिलो. समुद्र रुसला तर माझ्यावर रुसेल."

मी उत्तर द्यायचे, "छान." एकदा चुकून लिहिलं, "छान. तुम्ही जेवलात का?" पाठवलं आणि फोन उशीखाली दडपला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "भिंतीकडे तोंड करून, उभ्यानं. सवय लागलीय. फक्त अर्धा गोळा उरतो."

वेडा कुठला! मी रात्रभर हसत होते.

पण हसू यायचं तसं ते जायचंही. तो माझ्या रुग्णाचा मुलगा होता. ज्या दिवशी मी गाफील होते त्या दिवशी माझं अर्धं लक्ष त्याच्या लाल कानांकडे होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी स्वतःला बजावलं, हा डाग निघेपर्यंत, अहवाल येईपर्यंत, एक शब्द नाही.

पंधरा तारखेला तो बाहेर बाकावर बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"मला नुसतं बसून राहता येत नाही," तो म्हणाला. "आई खाली असली की माझ्या हातात काहीतरी असतं."

मी मावशींची शाल आणि पाकीट त्याच्या हातात दिलं. "हे धरा. तासभर लागेल."

आत हिरोबे सर माझ्या मागे हाताची घडी घालून उभे होते. दुर्बीण उजव्या टोकाला पोचली. आतडं या वेळी लख्ख होतं. बटण दाबलं, निळा-हिरवा उजेड... आणि तो होता. त्याच जागी, तांबूस, निवांत. मी पाण्याच्या पिचकाऱ्या मारत राहिले. एक, दोन, पाच, आठ. चिकट थर कडेनं सुटला आणि वाहून गेला. खाली काय? काहीच नाही! गुळगुळीत, फिकट कातडी.

"नीळ," मी म्हटलं.

सिस्टरनं नळीतून निळं पाणी सोडलं. कपड्यांना देतो तसल्याच रंगाची ही औषधी नीळ, खळग्यांत साचते आणि उंचवटे उघडे पाडते. निळा रंग पसरत गेला, घड्यांमध्ये उतरला, आणि हळूहळू त्याच्या मध्ये एक बेट उमटलं. वेडीवाकडी कड, अठरा मिलिमीटर, सगळीकडून स्पष्ट.

"तो बघा!" मावशी पलंगावरून ओरडल्या. "तो बघा, खडकाला कसा चिकटलाय मेला! सोडू नका त्याला!"

"हलू नका, मावशी."

"मी कुठे हलतेय, तूच थरथरतेस."

खरं होतं. मी एक लांब श्वास घेतला. त्याच्या खाली सुईनं खारं पाणी सोडलं, तो फुगून वर आला, तारेचा फास टाकला, आवळला, कापला. जखम चिमट्यांनी बंद केली. हिरोबे सर वाकून पडद्याकडे बघत म्हणाले, "कड पूर्ण आली आहे, काही राहिलं नाही." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

* * *

अहवाल सत्तावीसला माझ्या टेबलावर आला. मी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. डाग पूर्ण निघाला होता. पण त्याच्या एका कडेला पेशी बदलायला लागल्या होत्या. कॅन्सर नव्हे, त्याच्या आधीची पायरी. वर्ष थांबले असते तर? मी तो विचार पुरा केला नाही. मावशींची फाईल उचलली आणि हिरोबे सरांच्या खोलीत गेले.

"सर, हा रुग्ण आजपासून तुम्ही घ्याल?"

"का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काम चांगलं झालंय."

"म्हणूनच."

त्यांनी काय ओळखलं कोण जाणे. फाईल घेतली, खणात ठेवली आणि चक्क हसले.

दुसऱ्या दिवशी, मोसमाच्या पहिल्या दिवशी, सगळा गाव पाण्यात असताना मायलेक निकाल ऐकायला आले. खुर्चीत हिरोबे सर. मी शेजारच्या खोलीत दाराला कान लावून उभी. सरांनी सगळं नीट सांगितलं. मावशींनी विचारलं, "म्हणजे उद्यापासून बुडी मारू?" सर म्हणाले, "मारा." मग शुनपेईचा आवाज आला, कोरडा, "ओगाता डॉक्टर कुठे आहेत?"

"आता तुमच्या आईंना मी पाहणार," सर म्हणाले. "त्यांनी फाईल माझ्याकडे दिली आहे."

खुर्ची जोरात मागे सरकली.

त्यानं मला बसथांब्यावर गाठलं. पाऊस लागला होता. छत्री नाही, केस चिकटलेले, डोळ्यांत असा राग की मी दोन पावलं मागे झाले.

"काम झालं, फाईल दिली, संपलं?" तो म्हणाला. "आमच्या चटईवर कपाळ टेकलं होतं तुम्ही! आई रोज विचारते, डॉक्टरीणबाई कधी भेटणार, डॉक्टरीणबाई कधी भेटणार. आणि तुम्ही एका शब्दानं न सांगता... आमचा कंटाळा आला, तर तसं सांगायचं!"

"शुनपेई-सान—"

"की अजून त्या मेकाबूचा राग आहे? असेल तर माझ्यावर काढा ना, तिच्यावर कशाला?"

"मला बोलू देणार आहात का?"

"बोला!"

"मी तुमच्या आईची डॉक्टर होते तोवर मला हे बोलता येत नव्हतं," मी म्हटलं. आता मी थांबणार नव्हते. "पहिल्या दिवशी माझं लक्ष तुझ्याकडे होतं आणि माझ्या हातून डाग सुटला. पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं. दुसऱ्या वेळी फक्त डाग पाहिला, दुसरं काही नाही. पण आयुष्यभर मला तुझ्याकडे न बघता राहता येणार नाही. म्हणून फाईल दिली. आता मी तिची डॉक्टर नाही. आता मी कोणीच नाही, म्हणून सांगते. मला तू आवडतोस. खूप. झालं, बोलले."

तो तोंड उघडं टाकून उभा राहिला. पाऊस त्याच्या नाकावरून ठिबकत होता. कान असे लाल की बघून मला पुढचं सुचेना.

"हे... हे आधी सांगायला काय झालं होतं?" तो शेवटी म्हणाला. "मी इथवर भांडत आलो."

"बोलू कुठे दिलंस!"

"आत्ता मला 'तू' म्हणालीस?"

"म्हणाले. नको असेल तर सांग."

"नको कसं असेल! माझ्या फोनमध्ये महिन्याभराचा भात-तोफूचा हिशेब साठलाय. कोण कोणाला असलं लिहितं?" तो जवळ आला आणि मग अवघडून थांबला. हात पुढे आला, मागे गेला. शेवटी मीच तो धरला. दोरीनं चरे पडलेला, गार, ओला हात. "चिनात्सु," तो म्हणाला. माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा. "रोज किती वेळा असं पडद्याकडे डोळे लावून बसतेस?"

"आठ-नऊ वेळा. कधी दहा."

"आणि संध्याकाळी दमून बाहेर येतेस तेव्हा इथे कोण असतं?"

"कोणी नसतं. बस असते."

"उद्यापासून मी असेन. सहा वाजता."

बस आली, दार उघडलं. ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं, वाट पाहिली, दार लावलं आणि निघून गेला. हॉस्पिटलच्या दारातून तोमिएमावशी औषधांची पिशवी हलवत ओरडत होत्या, "शुनपेई! अरे मेल्या, तिला भिजवतोस काय पावसात? छत्री माझ्याकडे आहे!"

"सहा नको, साडेसहा," मी त्याचा हात न सोडता म्हटलं. "आणि मला उशीर झाला तर ओरडायचं नाही. एखादा डाग पुन्हा बघायचा राहिला असेल."

"बघ," तो म्हणाला. "मी थांबतो."